डायनॅमोवरचं ऋण

मुकुंदा,

तुझ्या शोकसभेत जो उठला तो तुझा ऋणी होता. बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून प्रत्येकानं तेच म्हटलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, मुकुंदरावांनी गणपतीची रोषणाई कायम स्वतःच्या अंगावर घेतली, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. रुवैसच्या रिफायनरीतला तुझा जुना सहकारी एवढी गाडी हाणत आला होता, तोही ऋणी. मी मागच्या रांगेत बसले होते आणि खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं. दर वेळी कानात तुझा आवाज यायचा, "टर्मिनल ऋण की बॉडी ऋण, ते आधी सांगा." शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदका दाबते आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग खरंच रडू आलं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये कुणाला कळलं नसतं, आणि ज्याला कळलं असतं तो फोटोत होता. म्हणून इथे लिहिते.

आपण सांगलीला एका वर्गात होतो खरे, पण तिथे मैत्री अशी नव्हतीच. मैत्री झाली ती दुबईत, पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत. तू रांग सोडून मखराच्या मागे वायरिंग तपासत होतास आणि जाता जाता मला म्हणालास, "तू माधवी ना? प्रॅक्टिकलला अख्ख्या लॅबचा फ्यूज उडवणारी?" तेवढ्या वर्षांनी भेटल्यावर माणसं निदान कशी आहेस विचारतात. मी म्हटलं, "फ्यूज उडाला म्हणजे फ्यूजनं काम केलं." तू जोरात हसलास, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस? यल्ला, शारजाला ये. एक म्हातारी दाखवतो."

ती म्हातारी म्हणजे जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या तिथल्या अरब शेठची, अबू सैफ यांची, शंभरेक वर्षांची मोटार. टायरच्या गोदामांमागच्या त्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये अशा कितीतरी गाड्या सुती चादरी पांघरून उभ्या होत्या. आजच्या गाडीत जे काम ऑल्टरनेटर करतो ते तेव्हा डायनॅमो करायचा. इंजिनाबरोबर फिरायचा, वीज तयार करायचा आणि बॅटरी भरत राहायचा. अबू सैफ यांनी ज्या ज्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं त्यानं एकच सल्ला दिला होता, हे भंगार काढा आणि नवा ऑल्टरनेटर बसवा. तू एकटाच म्हणालास, "म्हातारीला नवी कवळी बसवता येते, पण मग ती बोलते वेगळी." हे त्यांना हिंदीत सांगताना तुला कवळीला शब्द सापडेना, तू दातांवर बोट ठेवून दाखवलंस, आणि अबू सैफ इतके हसले की त्यांनी गॅरेजची किल्लीच तुझ्या हातात दिली.

मी तेव्हा जबल अलीत विजेच्या पॅनेल टेस्टिंगची मॅनेजर होते. नावात टेस्टिंग, पण वर्षानुवर्षं माझ्या बोटांना लॅपटॉपशिवाय काही लागलं नव्हतं. दुसऱ्यांनी केलेल्या टेस्टवर मी सही करायची. पहिल्या शनिवारी तू माझ्या हातात पॉलिश पेपरची पट्टी दिलीस आणि डायनॅमोचा कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकणारा कोळशाचा ठोकळा, गोलाईला बसवायला लावलास. पट्टी फिरवत राहायची, ब्रश घासत राहायचा, अधूनमधून काढून बघायचं की पूर्ण तोंड टेकतं आहे की नाही. दुपारी हात धुवायला गेले तर आरशात नाकावर काजळी होती. घरी नवऱ्यानं, शेखरनं, दार उघडून विचारलं, "कोळशाच्या खाणीत लागलीस की काय नोकरीला?" त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते महिनाभर चिडवायला वापरलं असतंस.

तू चेंगट होतास, मुकुंदा. तुझ्या मागे आता सगळे तुला शांत, संयमी म्हणत आहेत, पण शब्द चेंगट हाच आहे. टेबलावर एक मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो, शेजारी बॅटरी, हेडलाइटचे बल्ब, आणि मधोमध शून्य असलेला तुझा जुना व्होल्टमीटर, ज्याचा काटा उजवीकडेही जायचा आणि डावीकडेही. एवढ्या सामानावर तू अख्खा दिवस काढायचास. या डायनॅमोंना दोन ब्रशांखेरीज एक तिसरा ब्रश असतो. तो जरा पुढे सरकवला की वीज वाढते, मागे घेतला की उतरते. मूळ मापं थंड देशात बसून ठरवलेली, त्या मापानं शारजाच्या जुलैत गाडी चालवली तर बॅटरीतलं पाणी उकळतं. मग नवं माप कुठलं? मी म्हणायचे, एसीत टेस्ट करू आणि हिशेबानं कमी करू. तू डायनॅमो सकाळीच बाहेर उन्हात नेऊन ठेवायचास, पापड वाळत घालावेत तसा, आणि तो चांगला तापल्यावर फडक्यात धरून आत आणायचास. "थंड असताना गोड बोलणाऱ्याचा भरवसा नाही," म्हणायचास. "तापल्यावर कसा वागतो ते बघू." आणि मग केसभर ब्रश सरकव, चालव, बल्ब लाव, बल्ब विझव, पुन्हा केसभर सरकव. मी घड्याळाकडे बघायला लागले की तू मुद्दाम आणखी एकदा उघडायचास.

तरी मानते, तुझ्या हातचा एकही डायनॅमो परत आला नाही. एक सोडून, आणि त्या एकात चूक तुझी होती.

हो, मी अजूनही तेच म्हणते. आता तू उलट बोलू शकत नाहीस म्हणून पूर्ण हकीकत प्रामाणिकपणे मांडते, म्हणजे वाचणाऱ्यानं ठरवावं.

दुरुस्त केलेल्या डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असावं लागतं, नाहीतर तो गरागरा फिरतो आणि वीज काही देत नाही. ते द्यायला बॅटरीची तार क्षणभर टेकवायची. याला फ्लॅश करणं म्हणतात. ज्या बाजूनं टेकवाल ती दिशा लोखंड धरून ठेवतं आणि पुढे कायम त्याच दिशेनं वीज देतं. शक्यता दोनच. एक तर बाहेरचं टर्मिनल धन आणि डायनॅमोची बॉडी ऋण, किंवा बरोबर उलट. त्या काळात दोन्ही चालायचं, कुणी असं करी कुणी तसं. गाडीला स्वतःला त्याचं काही नसतं. फक्त डायनॅमो आणि बॅटरी यांचं एकमत लागतं. ते नसलं तर इंजिनानं वेग घेतला की दोघांची ताकद एकमेकांत मिसळते, आणि दोघांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटपासून वाइंडिंगपर्यंत जे जळायचं ते जळतं.

म्हणून फ्लॅश करून, चालवून, खात्री झाल्यावर तू डायनॅमोवर खडूनं लिहायचास. अधिक-उणे चिन्हं काढायला तुझी सक्त मनाई. गॅरेजमध्ये तेलकट हात लागतात, अधिकची एक रेघ पुसली की उरतं ते उणे. मी म्हटलं, पी आणि एन लिहू. तू म्हणालास, एन बघून करीमभाईंना न्यूट्रल वाटेल. करीमभाई, आपले पेशावरचे लेथवाले, तिथेच उभे होते, त्यांनी मान डोलावली. तेव्हा तू तुझ्या मराठी शाळेतलं विज्ञान बाहेर काढलंस आणि ठसठशीत देवनागरीत लिहिलंस, धन. पुढच्यावर लिहिलंस, ऋण. "हा शब्द कितीही पुसला तरी त्याचा उलटा शब्द होत नाही," म्हणालास. मला ते इतकं आवडलं की मी विचारलंच नाही, ऋण म्हणजे कोण ऋण?

तू टर्मिनलचं लिहीत होतास. मी बॉडीचं वाचलं. बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं, वेग दिला. अबू सैफ सुलेमानी चहाचा पेला घेऊन कौतुकानं बघत होते. आधी वास आला, मग निळा धूर. मी इग्निशन बंद करेपर्यंत कटआउटचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. अबू सैफ यांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "खलास?"

त्या दिवसापासून आपण भांडतो आहोत. माझं म्हणणं साधं होतं, शब्द ज्याच्या अंगावर लिहिला त्याचा असतो. दारावर पाटी असते ती त्या घराची. तू म्हणायचास, "दारावरच्या पाटीवर माणसाचं नाव असतं, माधवी. विटांचं नसतं. वीज बाहेर पडते त्या टोकाचं नाव लिहायचं." मी तुला शब्दासमोर 'ट' किंवा 'बॉ' लिहायला सांगितलं, तू म्हणालास तेवढी जागा नाही. जागा भरपूर होती. शेवटी तह झाला तो असा की दोघांनी आपापल्या पद्धतीनं लिहावं आणि खडू झाला की लगेच फोन करावा. मग तुझा फोन यायचा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलायचे, आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणायचास, "माधवी, ऋण. माझ्या पद्धतीनं." फोन बंद. मीही तसाच करायचे. माझ्या ऑफिसमधल्या लोकांना वाटायचं की मी शेअर बाजारात आहे.

आता शेवटचा डायनॅमो. भारतातून जहाजानं आलेल्या त्या जुन्या अमेरिकन टूरर गाडीचा. तिच्या तारा मधल्या मालकांनी इतक्यांदा बदलल्या होत्या की मुळात धन कुठे आणि ऋण कुठे हे कळायची सोय नव्हती. तू म्हणालास, मी बघतो आणि ठरवतो. त्या शनिवारी मला रास अल खैमाला जावं लागलं, सिमेंटच्या कारखान्यात पॅनेलची तपासणी होती. फोन गेटवर ठेवून आत जायचा नियम. संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा त्यावर तुझा एक मिस्ड कॉल होता. मी उलट केला, तू उचलला नाहीस. तोवर तुझी सुनंदा तुला घेऊन हॉस्पिटलला निघाली होती.

हॉस्पिटलमध्ये मी रोज येत होते, पण ते नेहमीचं येणं नव्हतं. सुनंदा असायची, तुमची लेक इरा असायची, नर्स असायची. आपण इराच्या नव्या नोकरीबद्दल बोललो, डाळिंबाच्या रसाबद्दल बोललो. एकदाच, सुनंदा औषधं आणायला गेली तेव्हा, तू मास्क जरा बाजूला केलास आणि विचारलंस, "खडू बघितलास?" तुझ्या डोळ्यांत ते काहीतरी होतं, समोरच्याला गंडवल्यावर असतं तसलं. मी म्हटलं, "आधी घरी चल. मग दोघं जाऊन बघू." तू मान हलवलीस आणि मास्क लावलास. डॉक्टर इन्शाल्ला गुरुवारी सोडू म्हणाले होते. मला वाटलं, वेळ आहे.

मलाही एक गंमत करायची होती, तिच्याबद्दल पुढे सांगते.

तू गेल्यावर काही दिवसांनी सुनंदा आणि इरा तुझ्या वस्तू न्यायला गॅरेजवर आल्या. चष्मा, चपला, स्टीलचा डबा. तुझ्यामुळे सुनंदाचा व्हिसा होता, आता ती पुण्याला परत जाणार, इरा एकटी इथे राहणार, हे तुला कळलंच असेल. मी त्यांच्याबरोबर होते. करीमभाईंनी आम्हाला टेबलापाशी नेलं. डायनॅमोवर त्यांनी एक रिकामा खोका पालथा घातला होता. तो उचलून म्हणाले, "मॅडम, किसी को हाथ नहीं लगाने दिया. साब का दस्तख़त है."

त्यांना देवनागरी येत नाही, त्यांच्या दृष्टीनं ती तुझी सही. सुनंदानं मात्र वाचलं. काळ्या लोखंडावर पांढऱ्या खडूत, तुझ्या त्या गोल अक्षरात, एकच शब्द. ऋण.

तिनं वाकून ते पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "माधवीताई, हे कुणाचं हो? कुणाचं काय राहिलं होतं त्यांच्याकडे? मला कधीच बोलले नाहीत." तिचा चेहरा बघवेना. तिला वाटलं होतं की तुला आधीच कळलं होतं, आणि जाण्यापूर्वी तू कुणासाठी तरी एक शब्द लिहून ठेवलास, आणि तो तिच्यासाठी नव्हता.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. अधिकची पुसणारी रेघ, धन आणि ऋण, दारावरची पाटी, निळा धूर, फोन. इरा मध्येच म्हणाली, "वेट, मावशी. सो इट जस्ट मीन्स मायनस?" मी म्हटलं, "हो गं, मायनस." "बाबा रोट मायनस," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग सुनंदालाही. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या आणि त्याचं रडणं कधी झालं ते मलाही कळलं नाही. करीमभाई बिचारे पाणी आणायला धावले.

डोळे पुसून सुनंदानं विचारलं, "मग त्यांच्या पद्धतीनं मायनस की तुमच्या?"

बघ ना, तुझी बायको. इतक्या वर्षांत गॅरेजमध्ये तिनं पाऊल टाकलं नव्हतं आणि नेमका तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "माहीत नाही. फोन मी उचलला नाही." ती म्हणाली, "मी जायच्या आधी हे चालताना बघायचंय मला. एकदाच. ते शनिवार-शनिवार इथे काय करत होते, ते."

सुनंदाचं विमान पुढच्या रविवारी होतं. म्हणजे शनिवारीच व्हायला हवं होतं. करीमभाईंचा सल्ला व्यवहाराचा होता. "मॅडम, आप अपने हिसाब से फ्लॅश मार दो. बात ख़तम." त्यांचं बरोबर होतं. बॅटरीची तार टेकवली असती की डायनॅमो माझ्या म्हणण्यानं वागला असता, गाडी चालली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण मग लोखंडात तू जे घालून ठेवलं होतंस ते त्या एका ठिणगीत पुसलं गेलं असतं. तू 'खडू बघितलास?' असं का विचारलंस हे मला कधीच समजलं नसतं. आठवडाभर मी ऑफिसात सह्या करत होते आणि मनात एकच चालू होतं, तू काय लिहिलंस.

आणि रागही येत होता, तेही सांगते. तुझ्या छातीत त्या शनिवारच्या आदल्या रात्रीपासून दुखत होतं हे सुनंदाकडून कळलं. तरी सकाळी गॅरेजवर गेलास, डायनॅमो उन्हात ठेवलास, दिवसभर त्या उकाड्यात उभा राहिलास. डायनॅमो तापल्यावर कसा वागतो ते बघणाऱ्या माणसाला स्वतःचं शरीर तेवढं कळलं नाही. हॉस्पिटलमध्ये मी तुला यावरून झापणार होते, पण तू घरी येईपर्यंत राखून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं आहे माझ्याकडे. कुठे टाकू?

शनिवारी सगळे जमलो. अबू सैफ पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी झग्यात आले, सुनंदासमोर छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मुकुंद मेरा भाई था." मग डायनॅमोकडे बघून, जरा काळजीनं, "चलेगा, इन्शाल्ला?" मी म्हटलं, आधी त्याला विचारू.

तू खडू हातात घेतला होतास याचा अर्थ फ्लॅश करून झालं होतं, चालवून झालं होतं, एवढं नक्की. तेव्हा विचारायची रीत सोपी. फील्डची, म्हणजे चुंबक जोरदार करणाऱ्या वेटोळ्याची, तार सोडवायची, डायनॅमो पट्ट्यावर हलकेच फिरवायचा, आणि लोखंडात मुरलेल्या चुंबकत्वानं व्होल्टमीटरचा काटा कुठल्या बाजूला हलतो ते बघायचं. मी लाल तार टर्मिनलला लावली, काळी बॉडीला. सुनंदाला आणि इराला सांगितलं, काटा डावीकडे गेला तर टर्मिनल ऋण, म्हणजे त्यानं स्वतःच्या पद्धतीनं लिहिलं. उजवीकडे गेला तर बॉडी ऋण, म्हणजे माझ्या. मला खात्री होती डावीकडेच जाणार. तुला ओळखत होते ना. सुनंदालाही खात्री होती. "डावीकडेच जाईल," ती म्हणाली, "ते कसले ऐकतायत."

करीमभाईंनी मोटर चालू केली. पट्टा सुटल्यासारखा वाटला, मग धरला. काटा थरथरला, आणि उजवीकडे सरकला.

मी तारा काढल्या, पुन्हा लावल्या. लाल टर्मिनलला, काळी बॉडीला. पुन्हा उजवीकडे. थोडासाच, पण अगदी ठाम, तिथेच उभा.

"म्हणजे?" सुनंदानं विचारलं.

"म्हणजे त्यानं माझं ऐकलं," मी म्हटलं.

सुनंदा काट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षांत माझं एकदा ऐकलं नाही हो." तिनं पदरानं डोळे टिपले, आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. इरानं डायनॅमोवरच्या त्या शब्दाचा फोटो काढला. मला म्हणाली, "मावशी, ही वाँटेड यू टु नोटिस." मी मान हलवली.

मग बाकीचं भराभर झालं. डायनॅमो गाडीवर चढवला, बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडली. तिसरा ब्रश तू ठेवलास तिथेच ठेवला, केसभरसुद्धा हलवला नाही. अबू सैफ यांनी स्वतः गाडी चालू केली. इंजिन जरा खोकलं, मग लागलं. वेग वाढला तसा कटआउटचा टक् आवाज आला आणि डॅशबोर्डवरचा काटा चार्जिंगच्या बाजूला गेला. धूर नाही, वास नाही. अबू सैफ यांनी सुनंदाला आणि इराला मागच्या सीटवर बसवलं आणि गोदामांच्या रस्त्यानं एक फेरी मारून आणली. परत येताना दिवसाउजेडी हेडलाइट लावले होते. सुनंदा सरळ ताठ बसली होती, लग्नाच्या वरातीत बसावं तशी. उतरल्यावर म्हणाली, "छान आवाज आहे." तुझी कवळीची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी एअरपोर्टवर सोडायला गेले होते. चष्मा तिनं पर्समध्ये ठेवला होता, डबा इराकडे राहिला.

आता माझी गंमत. तू हॉस्पिटलमध्ये असताना एका दुपारी मला कुठे थांबवेना, म्हणून मी एकटीच गॅरेजवर गेले होते. मुख्य टेबलाकडे गेलेच नाही. तू आल्यावर बरोबर जायचं ठरलं होतं ना. पलीकडच्या फळीवर माझ्याकडचा छोटा डायनॅमो अर्धवट पडला होता, तो पुरा केला. उन्हात तापवला, हो, तुझ्यासारखाच. फ्लॅश केला, चालवला, बल्ब लावले, विझवले. आणि खडू घेतला. टर्मिनल ऋण होतं, बॉडी धन. माझ्या पद्धतीनं धन लिहायला हवं होतं. मी ऋण लिहिलं. म्हटलं, घरी आल्यावर दाखवू, तेवढाच बरा होईल. तू मला हरवल्याच्या आनंदात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्यास.

काल फळीसमोर उभी होते. तुझा शब्द गाडीच्या बॉनेटखाली आणि माझा शब्द फळीवर. तू माझ्यासारखं लिहिलंस, मी तुझ्यासारखं, आणि घोटाळा जिथे होता तिथेच. कुणी हे दोन डायनॅमो आपल्या नेहमीच्या सवयीनं जोडले असते तर दोन्हींतून धूर निघाला असता. करीमभाईंनी विचारलं, "मॅडम, ये भी साब वाला है?" मी म्हटलं, हो, साब वाला.

खडू झाला की फोन करायचा, असं आपलं ठरलं होतं. तू केलास, मी उचलला नाही. आणि मी तर केलाच नव्हता. तो आता करते आहे.

मुकुंदा, ऋण. तुझ्या पद्धतीनं.